म्हशी सभेला आल्या तो दिवस

आमच्या रेडिओ केंद्रावरच्या मॅडमचा नियम एकच होता आणि तो सगळ्यांना सारखा होता. बातमी आणायची तर तिचा आवाज घेऊन यायचं. पालिकेच्या सभेत गोंधळ झाला तर तो गोंधळ टेपवर हवा, नुसतं 'गोंधळ झाला' असं सांगून भागायचं नाही. नाकाबंदी असेल तर शिट्टी हवी. नळाला पाणी आलं असेल तर घागरीत पडणारी धार हवी.

"पेपरवाल्यांकडे फोटो असतो," त्या म्हणायच्या. "आपल्याकडे काय असतं?"

"आवाज, जी," मी म्हणायचो.

ते 'जी' माझ्या तोंडातून काही केल्या जात नव्हतं. मी चंद्रपूरकडचा. कोल्हापुरात 'जी' एकतर दिल्लीच्या पुढाऱ्यांच्या नावापुढं लागायचं, नाहीतर माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी. पोलीस ठाण्यातले हवालदार मला मुद्दाम काहीतरी विचारायचे. "पावणं, चा घेतासा काय?" मी "हो जी" म्हटलं की सगळी खोली खूश.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची. मी कोल्हापुरात आलो तो सागवानाच्या ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून. नववीत शाळा सुटली होती आणि घरात कुणी तिची फारशी आठवण काढत नव्हतं. ट्रक टिंबर मार्केटला रिकामा झाला, ड्रायव्हरला परतीचा माल मिळेना, त्या रिकाम्या दिवसांत मी शेजारच्या लाऊडस्पीकरवाल्याच्या दुकानात तारा गुंडाळायला बसायला लागलो. ट्रक परत निघाला तेव्हाही मी तारा गुंडाळतच होतो. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला आणि गेला.

दुकानदारानं मला रिक्षात बसवून पुकारायला लावलं. कुस्त्यांचं मैदान, रक्तदान शिबिर, साड्यांचा सेल, हरवलेली मुलं, हरवलेल्या म्हशी. एकदा सिग्नलला एक बाई रिक्षासमोर आडव्या आल्या आणि त्यांनी विचारलं, "हा आवाज कुणाचा?" मला वाटलं, कर्कश्श आवाजाची तक्रार असणार. मी माईक रिक्षावाल्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "माझा न्हाय बाई, ह्या पावण्याचा हाय." त्या होत्या आमच्या मॅडम. रेडिओ केंद्रावर संध्याकाळी शहराच्या घडामोडींचा छोटा कार्यक्रम लागायचा, तो त्या करायच्या.

त्यांनी मला आवाजाच्या चाचणीला बोलावलं. काचेच्या त्या थंड खोलीत दार बंद झालं आणि माझा घसाही बंद झाला. हातातला कागद वाचताना एका ओळीत दोन वेळा आमच्याकडचं 'काहून' आलं, जे कागदावर लिहिलेलंच नव्हतं. केंद्राचे मोठे साहेब पलीकडं बसले होते. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, अगदी हळू ठेवला, पण मला दिसलं.

बाहेर जिन्यात मॅडमनी विचारलं, "बोलता येत नाही, ठीक आहे. ऐकता येतं का?"

"येतं जी."

त्यांनी माझ्या गळ्यात टेपरेकॉर्डर अडकवला. कातडी पिशवीतलं ते धूड, खाली लोंबणारा माईक. असा मी शहराच्या राजकारणाचा आणि पोलिसांचा वार्ताहर झालो. माझं काम आवाज आणायचं, सोबत चार ओळी लिहायच्या. त्या ओळी निवेदक वाचायचे. माझा स्वतःचा आवाज रेडिओवरून कधी गेला नाही. पण आई गावात सगळ्यांना सांगायची, पोरगा रेडिओत आहे. आमचं केंद्र तिकडं लागायचंच नाही, त्यामुळं कुणी तिला खोटं पाडू शकत नव्हतं.

कामावर माझा इतका जीव बसला होता की मला सतत भीती वाटायची. घरातून निघताना सेल तपासायचे, कोपऱ्यावर परत तपासायचे, पालिकेच्या दारात पुन्हा. हवालदार म्हणायचे, "पावणं, त्येला काय अंडी उबवायला ठेवलासा काय?" मी हसायचो आणि परत तपासायचो. शिकलेल्या माणसाचं काम गेलं तर तो दुसरं शोधतो. माझं गेलं तर मी परत तारा गुंडाळणार, आणि आई गावात काय सांगणार?

पण दिवस मजेत जायचे, हे खरं. सकाळी ठाण्यात रात्रीच्या घडामोडी घ्यायच्या. कुणाची सायकल गेली, कुणाचा जावई रुसून टॉवरवर चढला. मग पालिका. नगरसेवकांचं भांडण ऐकून मला पहिल्यांदा वाटलं होतं, आता खून पडणार. सभा संपली आणि तेच दोघं एका प्लेटमधला कटवडा खात उभे. "मघाशी काय म्हणालासा मला?" "काय न्हाय, ते रेकॉर्डला." मी मराठी तिथं शिकलो म्हटलं तरी चालेल. निदान मोठ्यानं बोलायचं मराठी.

राहायला मी गवळी गल्लीत होतो, गोठ्यावरच्या माडीत. घरमालकीण लिंगायत गवळ्यांच्या घरातली, माहेर सीमेकडचं. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची, म्हणजे कानडीत आई. मीही तेच म्हणायला लागलो. खोली देताना तिनं माझं शिक्षण विचारलं नाही, जात विचारली नाही. एवढंच विचारलं, "शेणाचा वास सोसंल न्हवं? मागनं कुरकुर चालायची न्हाय." रोज पहाटे खालून हाक यायची, "पावण्या, पेला आण." समोर म्हशीची धार पेल्यात पडायची, फेस नाकाला लागायचा. गावाकडं मला दूध कधी आवडलं नव्हतं.

अव्वाची शान म्हणजे तिची म्होरकी. पुढं चालणारी म्हैस, बाकीच्या तिच्या मागं. काळीभोर, शिंगं मागं वळून खांद्याला टेकलेली. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्या घालतात. मग मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढतो, गाडी फाडफाड वाजवत पुढं पळवतो आणि म्हैस त्या आवाजामागं भर रस्त्यातून धावते. ज्याची म्हैस गाडीच्या जास्त जवळ, त्याची गल्लीत मान जास्त. अव्वाचा मुलगा दसऱ्यापासूनच सराव घ्यायचा. गाडी सुरू झाली की म्होरकी कान उभारायची, आणि तो "हुर्रर्र" असा ओरडला की दावं ताणायची. मी पाडव्याच्या कार्यक्रमासाठी एका सकाळी ते सगळं टेप केलं होतं. गाडी, हुर्रर्र, खुरं.

त्याच वर्षी पालिकेनं रस्त्यावरची जनावरं उचलायची मोहीम काढली. गाडी यायची, मोकाट दिसेल ते जनावर कोंडवाड्यात. गवळ्यांचं म्हणणं, आमची मोकाट न्हाईत, रंकाळा तळ्यावरनं धुऊन घरला चाललेली असतात. दिवाळीच्या तोंडावर या प्रश्नावर सर्वसाधारण सभा लागली. त्याच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, हेच मला जास्त भीतीचं वाटलं.

"विद्यापीठातली पोरं अर्ज घेऊन येतात रोज," ते म्हणाले. "मॅडम तुझ्यासाठी भांडतात. मी किती दिवस भांडू द्यायचं? उद्याच्या सभेचं काम बघतो आणि दिवाळीनंतर ठरवतो. चांगला, स्वच्छ आवाज पाहिजे. सभेचा."

"हो जी," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, निदान आज तरी 'जी' नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सभेच्या कितीतरी आधी मी पालिकेच्या फाटकात. नवे सेल, नवी कॅसेट. जुनी, पाडव्याची, पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात. तेवढ्यात पोलिसांची जीप समोर येऊन थांबली आणि तिच्यातून अव्वा उतरली. पदर खोचलेला, पायांना चिखल.

"पावण्या," ती म्हणाली, "त्या तुझ्या डब्यात आमची गाडी हाय न्हवं?"

सकाळी रंकाळ्यावरून येताना म्होरकी मागं रेंगाळली होती आणि पालिकेच्या गाडीनं ती उचलली. अव्वा सोडवायला गेली, तर गडमुडशिंगीचा एक जण तिथं आधीच उभा. त्याची म्हैस परवापासून हरवलेली, आणि हीच ती, असं तो शपथेवर सांगत होता. दोघांची अशी जुंपली की कोंडवाड्याच्या रखवालदारानं पोलीस बोलावले. फौजदार आले. अव्वा म्हणाली, आमच्या गाडीचा आवाज ऐकला की ती जागंवर ऱ्हायची न्हाय, हाच पुरावा. पण गाडी घेऊन मुलगा गडहिंग्लजला गेलेला, बायकोला माहेरून दिवाळीला आणायला. मग तिला माझा डबा आठवला.

जीपमधून फौजदारांनी मान बाहेर काढली. माझी त्यांची रोजची ओळख होती. "चला की पावणं. धा मिनिटांत आणून सोडतो. सभा काय येळंवर सुरू हुतीय व्हय?"

ते खरंच होतं, सभा कधीच वेळेवर सुरू व्हायची नाही. तरी मी घड्याळाकडं पाहिलं, मग अव्वाकडं. तिनं विनवणी वगैरे काही केली नाही. ती जीपमध्ये सरकून बसली आणि शेजारची जागा पदरानं पुसली. मी बसलो.

कोंडवाड्यात बऱ्याच म्हशी दाटीवाटीनं उभ्या होत्या. गडमुडशिंगीचा माणूस उंच, टोपी घातलेला, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

"शिंगं बघा की सायेब," तो म्हणाला. "अशी शिंगं आमच्या अख्ख्या गावात न्हाईत."

"तुमच्या गावात नसतील," अव्वा म्हणाली. "आमच्या गोठ्यात हाईत."

"म्हातारे, नीट बोल."

"मी नीटच बोलतोय. तुला ऐकाय नीट येत न्हाय."

"गप बसा दोघंबी," फौजदार म्हणाले. "म्हशीलाच इचारू. पावणं, लावा तुमची टेप."

मी लावली. टेपरेकॉर्डरच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून मोटारसायकल डासासारखी गुणगुणली. म्होरकीनं शेपटी हलवली, ती माशीसाठी. गडमुडशिंगीचा माणूस हसला.

अव्वाचं तोंड उतरलं. ते मला बघवेना. लाऊडस्पीकरच्या दुकानातली वर्षं कामाला आली. जीपवर पोलिसांचा कर्णा होता. मी म्हटलं, "साहेब, तुमचा माईक टेपजवळ धरला तर मोठ्यानं वाजेल जी."

फौजदारांना ते पटलं. त्यांनी आणखी पुढचा विचार केला. जीप बाहेर रस्त्यावर उभी करायची, फाटक उघडायचं, टेप लावायची आणि हळूहळू पुढं जायचं. जिची गाडी असेल ती म्हैस मागं येईल. चौकापर्यंत आली की खटला निकाली.

"सायेब, फाटक उघडलं तर सगळ्या सुटतील की," रखवालदार म्हणाला.

"दुसऱ्या कशाला येतील? त्यांच्या मालकाची गाडी हाय का ही?"

हे सगळ्यांना पटलं. अव्वाला पटलं, गडमुडशिंगीकराला पटलं. "म्हैस दुसऱ्याच्या गाडीमागं जाईत न्हाय," तो अभिमानानं म्हणाला. रखवालदारही म्हणाला, व्हय, ते बी हाय. जन्मभर म्हशींत वाढलेली माणसं. मीच एक परका, मी काय बोलणार?

फाटक उघडलं. मी जीपमध्ये मागं तोंड करून बसलो, एका हातात टेप, एका हातात माईक. कर्ण्यातून मोटारसायकल फाडफाड वाजली. त्या आवाजानं झाडावरचे कावळे उडाले. मग अव्वाच्या मुलाचं "हुर्रर्र" सगळ्या रस्त्यावर पसरलं.

म्होरकीनं मान उचलली. कान पुढं आले. ती फाटकातून अशी निघाली की जणू पाडवाच आहे.

"बघा," अव्वा म्हणाली, आणि तेवढ्यावरच थांबली.

कारण म्होरकीच्या मागं दुसरी निघाली होती, दुसरीच्या मागं तिसरी. त्यांना गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. पुढं एक म्होरकी चाललीय, तर आपण मागं जायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. अख्खा कोंडवाडा रस्त्यावर आला. रखवालदार हातातली काठी विसरून बघत राहिला.

जीपचा ड्रायव्हर नवीन होता. आरशात त्याला शिंगंच शिंगं दिसली आणि त्यानं गाडी पळवली. जीप पळाली तशा म्हशी पळाल्या.

"बंद कर ते," फौजदार ओरडले.

मी बंद केलं. म्हशी थांबल्या, नेमक्या चौकाच्या मधोमध. एस.टी. अडकली, रिक्षा अडकल्या, एका टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

"चालू कर. चालू कर आधी."

मी चालू केलं. म्हशी निघाल्या. दुकानांतून माणसं बाहेर आली. "पाडवा आज हाय व्हय?" एकानं विचारलं. "पोलिसांचा आज हाय वाटतं," दुसरा म्हणाला. अव्वा आणि गडमुडशिंगीकर एकाच रिक्षात बसून मागून येत होते, दोघंही बाहेर डोकं काढून एकाच म्हशीला हाका मारत.

ड्रायव्हरला वाट अशी एकच आठवली. त्या दिवशीचा बंदोबस्त पालिकेत होता, म्हणून तो पालिकेत गेला. फाटक उघडंच होतं. आधी जीप, मग म्होरकी, मग सगळ्या. आवारात नगरसेवकांच्या गाड्या लागल्या होत्या. म्हशी त्यांच्यामधून शिस्तीत आत शिरल्या आणि सावली बघून उभ्या राहिल्या.

वर सभा सुरू झाली होती. आमच्या गल्लीचे नगरसेवक नंतर मला सांगत होते, "एक साहेब माईकवर उभं. म्हणत्यात, शहरात आता रस्त्यावर म्हैस दिसणार न्हाय. तेवढ्यात खालनं फाडफाड. मी खिडकीत गेलो. म्हटलं, सायेब, रस्त्यावर न्हाय खरं, हितं आल्यात." सभा तहकूब झाली. दोन्ही बाजूंचे सदस्य गॅलरीत आले, मग खाली आले. सगळ्यांनी फौजदारांना घेरलं. फौजदारांनी घाम पुसत माझ्याकडं बोट केलं, "हे रेडिओवाले पावणं."

तेवढ्यात गडमुडशिंगीचा माणूस पुढं झाला. तो आता शांत होता.

"सायेब, भांडण कशाला? हितंच पिळून बघू की. परक्या हाताला पान्हा सोडायची न्हाय."

फौजदार त्याच्याकडं बघतच राहिले. "आन हे सकाळी का न्हाय सुचलं?"

"सकाळची धार काढून झालती," अव्वा म्हणाली. "मोकळ्या सडाला हात लावून काय कळणार?"

"व्हय," तो माणूस म्हणाला. त्या दिवसात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

कॅन्टीनमधून पातेलं आलं. आधी तो बसला. त्यानं कासेवर हात फिरवला, चुचकारलं, "ये गं बाय, ये गं" म्हणाला. म्होरकीनं जरा वेळ सहन केलं आणि मग अशी लाथ घातली की पातेलं एका नगरसेवकाच्या गाडीखाली गेलं. तो टोपी झाडत उठला. "माझी न्हाय," तो म्हणाला. चेहरा पडला होता, पण खोटं बोलायला तो आलाच नव्हता.

मग अव्वा बसली. ती काही बोलली नाही, नुसतं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं. धारेचा आवाज पातेल्यात वाजायला लागला. आधी पत्र्यावर पडल्यासारखा, मग दुधात दूध पडतं तसा. त्या दुधाचा कॅन्टीनवाल्यानं चहा केला आणि दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी तो घेतला. अव्वानं पहिला कप गडमुडशिंगीकराला दिला. "तुझी बी सापडंल," ती म्हणाली. "हुडकू आपण."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

वर्षातली सगळ्यात मोठी बातमी माझ्या डोळ्यांसमोर झाली होती आणि तिचा एक कणसुद्धा माझ्याकडं नव्हता. टेपरेकॉर्डर एकच. तो रस्ताभर वाजत होता, त्यानं टिपून कधी घ्यायचं? आणि धार काढताना मी बघतच राहिलो, नवी कॅसेट घालून बटण दाबायचं सुचलंच नाही. सभा तहकूब झालेली. नवी कॅसेट कोरी. मी तिथंच पायरीवर बसलो. अव्वानं चहा आणून दिला, मी तो हातात धरून तसाच ठेवला.

"काय झालं रं?"

"माझं काम गेलं, अव्वा."

तिनं विचारलं, मी सांगितलं. मोठे साहेब, दिवाळी, विद्यापीठातली पोरं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टेप न्हाय ते न्हाय. बघितलंस न्हवं तू? मग जा आन सांग." तिला ते इतकं सोपं वाटत होतं की मला रडू यायला लागलं. म्हणून मी उठलो.

केंद्रावर पोचलो तेव्हा मॅडमना बातमी कळली होती, अर्धं शहर फोन करत होतं. त्यांनी हात पुढं केला, कॅसेटसाठी. मी कोरी कॅसेट त्यांच्या हातात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. दारात मोठे साहेब उभे होते, हे मला शेवटी दिसलं.

"म्हणजे वार्ताहरानं बातमी आणायच्या ऐवजी बातमी केली," ते म्हणाले. "आणि आवाज नाही."

"आवाज नाही जी."

मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. कार्यक्रमाला फार वेळ उरला नव्हता. त्या साहेबांकडं वळून म्हणाल्या, "सर, निवेदकाला हे वाचून सांगता येणार नाही. हा आत्ता जसं सांगत होता ना, तसंच जाऊ दे. थेट. वाईट झालं तर माझं नाव घ्या."

"याच्या चाचणीत मी होतो," साहेब म्हणाले.

"त्या दिवशी त्याच्या हातात कागद होता."

साहेब जाऊन काचेपलीकडं बसले, तिथंच, पूर्वीच्याच खुर्चीत.

दार बंद झालं. लाल दिवा लागला. मला वाटलं, घसा आता बंद होणार, पण मॅडमनी काचेतून तळहात खाली दाबून दाखवला, हळू, हळू. मला अव्वा आठवली, ती म्हशीशी काही न बोलता बसली होती ती.

"नमस्कार जी," मी म्हणालो. "आज माझ्याकडं आवाज नाही. नुसती बातमी आहे."

आणि मी सांगत गेलो. जीप कशी निघाली ते सांगताना मी तोंडानं मोटारसायकल काढली. म्हशी पळाल्या तेव्हा दोन्ही तळहात टेबलावर बडवले, आधी हळू, मग जोरात. अव्वा आणि गडमुडशिंगीकर बोलले तसे बोलून दाखवले. 'काहून' आलं असणार, मी मोजलं नाही. सभा तहकूब झाली, प्रश्न पुढच्या सभेत येईल, तोवर मोहीम थांबवली आहे, हेही सांगितलं, कारण बातमी ती होती. शेवटी म्हटलं की गडमुडशिंगीच्या एकांची म्हैस अजून सापडलेली नाही, मागं वळलेली शिंगं आहेत, कुणाच्या गोठ्यात आली असेल तर कळवा. रिक्षातून पुकारायचो तसंच ते निघालं तोंडातून.

दिवा विझला. काचेपलीकडं मॅडम तोंडावर पदर धरून बसल्या होत्या, खांदे हलत होते. साहेबांनी हेडफोन काढला आणि खाली ठेवला. ते दार उघडून आत आले. मी उभा राहिलो.

"उद्यापासून टेबल बडवू नकोस," ते म्हणाले. "माईक हलतो."

मी "हो जी" म्हणालो. ते गेल्यावर जिन्यात बसून मी त्यांचं वाक्य परत परत म्हणून पाहिलं. उद्यापासून. दोन वेळा म्हटल्यावर मला खात्री पटली.

ते काम मी पुढं पुष्कळ वर्षं केलं, टेपचं मशीन जाऊन छोटी यंत्रं आली तरी. गडमुडशिंगीची म्हैस जयसिंगपूरच्या वाटेवर एकाच्या गोठ्यात सापडली, त्यानं रेडिओ ऐकून कळवलं. तो माणूस अव्वाकडं खरवस घेऊन आला होता. आईला मी पोस्टातून फोन करून सांगितलं की माझा आवाज रेडिओवर लागला. ती म्हणाली, "मी तर सगळ्यांना कधीच सांगून ठेवलंय."

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा अव्वा गोठ्यात वैरण टाकत होती. कोपऱ्यातला रेडिओ अजून चालू होता.

"ऐकलं," ती म्हणाली. "बरं सांगितलंस. खरं गाडीचा आवाज चुकला. आमची गाडी अशी वाजत न्हाय."

म्हणून पाडव्याला, तिचा मुलगा गडहिंग्लजहून आल्यावर, मी त्याच्या गाडीवर मागं तोंड करून बसलो. नवी कॅसेट, नवे सेल, या वेळी बटण नीट बघून दाबलेलं. तो "हुर्रर्र" ओरडला आणि म्होरकी आमच्या मागं सुटली, गळ्यात कवड्या, रंगवलेली शिंगं. मी माईक पुढं धरला. ती इतकी जवळ आली की तिचा गरम श्वास माईकवर यायला लागला. मॅडमनी नंतर ऐकून विचारलं, हा फुरफुर आवाज कसला, कुठं वारा लागला का? मी म्हणालो, नाही जी, तो असू द्या.